पोटावरचा मुकुट

शनिवार, ६ सप्टेंबर १९९७

ही डायरी आमच्या ट्रॅव्हल एजन्सीला कुठल्याशा विमान कंपनीने नव्या वर्षाची भेट म्हणून दिलेली. एप्रिलपर्यंत मी तीत डॉक्टरच्या तारखा, वजन आणि काय खाल्लं की ओकारी येते ते लिहीत होते. पुढची पानं कोरी आहेत. ती तशीच सोडून आज इथून लिहायला घेतेय, कारण आज रामेश्वरकाका येऊन गेले आणि जे विचारायला आले होते ते सोडून बाकी सगळं बोलले.

काका म्हणजे शारजातल्या आमच्या मराठी मंडळाचे नाटककार, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि तक्रारपेटी. दरवर्षी एक नाटक स्वतः लिहितात आणि आमच्या मानगुटीवर बसून करून घेतात. यंदाचं जुन्या इराणातल्या सासानी घराण्यावर आहे. महाराष्ट्र दिनाला व्हायचं होतं. फेब्रुवारीत त्यांनी मला राणीचं काम दिलं तेव्हा मला पाचवा लागला होता. भर मीटिंगमध्ये काका म्हणाले होते, "उशीचा खर्च वाचला! वैभवीचं सगळं ओरिजिनल!" सगळे हसले. मीही हसले होते. एप्रिलमध्ये माझं मूल पोटातच गेलं आणि नाटकही रद्द झालं. आता तेच दिवाळीच्या स्नेहसंमेलनाला करायचं म्हणतात.

दोन कप चहा झाला. दुबई रोडच्या ट्रॅफिकवर बोलून झालं. हॉलच्या भाड्यावर बोलून झालं. "पंधराशे दिरम मागतायत, म्हणजे पंधरा हजार रुपये गं! गावाकडे त्यात साखरपुडा होतो." शेवटी दारात बूट घालायला वाकले तेव्हा मीच म्हटलं, "काका, उशी जरा मोठी आणा. सातव्या महिन्याचं पोट लहान नसतं."

काका वाकलेले तसेच राहिले. "तू करशील?"

"डायलॉग पाठ आहेत माझे. तीनच तर आहेत."

त्यांनी शैलेंद्रकडे पाहिलं. शैलेंद्र, माझा नवरा, स्वयंपाकघराच्या दारात कप विसळून हातात धरून उभा होता. हल्ली तो कप फार विसळतो. काकांनी सुटका झाल्यासारखा दुसरा विषय काढला. धर्मगुरूचं काम करायचे त्या गृहस्थांची मस्कतला बदली झालीये, ती जागा रिकामी आहे. "शैलेंद्र, तुझा आवाज आहे रे. करतोस का?" मला हसूच आलं. हा माणूस गणपतीत आरतीलाही नुसते ओठ हलवतो.

"करतो," शैलेंद्र म्हणाला.

मला आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कप जागेवर ठेवून तो आत गेला आणि मी भात लावला.

सोमवार, ८ सप्टेंबर

ऑफिसात गर्दी नव्हती. नाटकाची गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा डोक्यात बसेल.

राजा होर्मुज्द मेला. सरदारांनी त्याच्या थोरल्या मुलाला मारलं, दुसऱ्याचे डोळे काढले, तिसऱ्याला कोठडीत टाकलं. एवढी साफसफाई झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की गादीवर बसवायला कुणी उरलंच नाही. राज्य काय, सरदारच चालवणार होते. पण हुकूम राजाच्या नावाने निघावा लागतो, नाण्यावर राजाचा चेहरा लागतो. मग कळलं की एक राणी गरोदर आहे. धर्मगुरूला, म्हणजे मोबेदाला बोलावलं. त्याने सांगितलं, मुलगा आहे. लगेच राणीच्या पोटावर मुकुट ठेवला आणि सगळे त्या पोटापुढे वाकले. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव शापूर. सत्तर वर्षं राज्य केलं म्हणतात. जन्माच्या आधीपासून मरेपर्यंत राजा, मध्ये एक दिवस रजा नाही.

फेब्रुवारीत नाटकाच्या वाचनाच्या वेळी मी काकांना विचारलं होतं, "आणि मुलगी झाली असती तर?"

"इतिहासात मुलगा झाला ना? मग खलास!"

"राणीला कुणी विचारलं का?"

"तिला तीन वाक्यं दिलीयेत मी, वैभवी. इतिहासाने एकही दिलेलं नाही."

आता आलंच आहे तर लिहून टाकते. माझं मूल मुलगा होतं की मुलगी, हे मला माहीत नाही. ऑफिसातच रक्त जायला लागलं. शुद्धीवर आले तेव्हा दुसरा दिवस होता आणि शैलेंद्रने सगळं उरकलं होतं. तो खुर्चीत बसून म्हणाला, "आपलं बाळ गेलं." मी चहा मागितला. त्या दिवशी विचारायचं राहिलं, मग दुसऱ्या दिवशी राहिलं. शेजाऱ्याचं नाव पहिल्याच भेटीत नीट ऐकलेलं नसावं आणि पुढे विचारायची सोय उरू नये, तसं झालंय. दवाखान्याची फाइल त्याच्या ऑफिसात आहे. दोन्ही घरी फोन त्यानेच केले. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मला दुःख होत नाही, हेही लिहून ठेवते. रोज सकाळी उठते, बसने रोल्लाच्या बाजारात ऑफिसला जाते, लोकांची घरी जायची तिकिटं काढून देते. सगळे म्हणतात वैभवी खंबीर आहे. खंबीर बिंबीर काही नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो, तशी मी आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पहिली तालीम, काकांच्या घरी, सोफे भिंतीला लावून.

शैलेंद्र सकाळी गाडी घेऊन गेला होता. शुक्रवारी सकाळी जातोच. पत्ते खेळायला जात असावा. जाताना पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरून नेतो, आमच्या जुन्या सनीचा रेडिएटर तापतो म्हणे. परत येतो तेव्हा गाडीतली पायपुसणी वाळूने भरलेली असतात. कुठल्या क्लबात एवढी वाळू असते कोण जाणे. खेळतो तर खेळो.

उशी मनालीने बांधली. मनाली नाटकात माझी दासी आहे. खऱ्या आयुष्यात तिच्याकडे सध्या तिची सासू आलीये, ठकुबाई, कऱ्हाडजवळच्या खेड्यातून, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तिला घरी करमत नाही म्हणून मनाली तिला आणि सहा वर्षांच्या ममताला तालमीला घेऊन आली. गाठ मनालीने दोनदा सोडून पुन्हा बांधली.

ठकुबाई उशिरा आत आल्या, तोवर मी वरून ओढणी घेऊन बसले होते. सरळ माझ्याजवळ येऊन टेकल्या. "कितवा गं पोरी?"

मनालीने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. "सातवा," मी म्हटलं. नाटकातही सातवाच आहे, म्हणजे खोटं असं काही बोलले नाही.

"मग हितं काय करतीस? पाय वर घिऊन बस." त्यांनी माझ्या पायाखाली काकांचा तक्क्या सरकवला.

शैलेंद्रला सगळी वाक्यं येत होती. घरी एकदाही म्हणताना ऐकला नाही. पाठ कधी केलंस विचारलं तर म्हणाला, "जाता-येता." आवाज खरंच चांगला लागतो त्याचा. फक्त एका ठिकाणी अडतो. मोबेदाने गुडघ्यावर बसून राणीच्या पोटाला कान लावायचा आणि उठून दरबाराला सांगायचं, "मुलगा आहे! सिंहासनाला धनी मिळाला!" शैलेंद्र कान वीतभर लांब धरतो. पहिले दोन शब्द गिळतो आणि धनी तेवढा ऐकू येतो.

"अरे, कान टेक! बायकोच आहे तुझी, हबीबी!" काका ओरडले. "आणि इथेच तर टाळ्या आहेत! मुलगा आहे! असं छातीतून!"

परत केलं. परत तेच.

गुरुवार, २ ऑक्टोबर

मुकुट आला. काकांनी तो शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या केरूकडून करून घेतला. केरू एसीचे डक्ट बनवतो, ठकुबाईंच्याच गावचा आहे. त्याने डक्टचा पत्रा वापरला, कुणाला कापू नये म्हणून सगळ्या कडा दुमडल्या आणि वर सोनेरी स्प्रे मारला. दिसतो झकास. काकांनी दोन्ही हातांनी उचलला आणि परत ठेवला.

"केरू, हा मुकुट आहे का पाण्याची टाकी?"

"मजबूत पायजे म्हणला न्हवं तुमी?"

काका चिडून आत गेले ते दहा मिनिटांनी पुस्तक घेऊन नाचतच बाहेर आले. सासानी राजांचा मुकुट म्हणे इतका जड असायचा की डोक्यावर पेलवत नसे. तो छताला साखळीने टांगलेला असायचा आणि राजा त्याच्या खाली येऊन बसायचा. "इतिहास आपल्या बाजूने आहे! यल्ला, केरू, साखळी लाव!"

म्हणजे प्रयोगात मुकुट वरून साखळीने उतरणार आणि माझ्या पोटाशी थांबणार. केरू विंगेत कप्पी सांभाळणार. "वहिनी, घाबरू नका," तो म्हणाला, "एक इंचबी खाली येऊ देणार न्हाई."

रात्री जेवताना शैलेंद्रला म्हटलं, राजालाही जे पेलत नाही ते पोटातल्या मुलावर ठेवायचं, कमाल आहे. तो म्हणाला, "आमटी वाढ." वाढली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज तालमीहून निघताना उशी सोडायची राहिली. गाडीत सीट बेल्ट लावताना लक्षात आलं. शैलेंद्रच्याही आलं असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, बेल्ट उशीच्या खालून नीट करून दिला आणि गाडी सुरू केली. एप्रिलपर्यंत तो बेल्ट असाच लावून द्यायचा.

घरात दूध नव्हतं. त्याला म्हटलं, रोल्लात थांब, मी घेऊन येते. शुक्रवारी संध्याकाळी रोल्लात पाय ठेवायला जागा नसते, कामगारांच्या सगळ्या कॅम्पांमधली माणसं सुट्टीला येतात. मी उतरले आणि माणसं बाजूला झाली. आपोआप वाट झाली. दुकानात काउंटरवरच्या खैरुद्दीनभाईने स्वतःचं स्टूल पुढे केलं. "बैठो भाभी. बोलो क्या होना, मैं देता." रांगेतल्या लोकांनी मला पुढे घालवलं. मी स्टुलावर बसले. दूध, ब्रेड आणि लागत नसताना एक अननसाचा डबा घेतला, कारण उठावंसं वाटत नव्हतं.

ते सरदार कशापुढे वाकले असतील ते कळलं. पोटापुढे वाकायला माणसाला बरं वाटतं. आत काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं आणि म्हणून सगळं असू शकतं.

गाडीत आल्यावर शैलेंद्र म्हणाला, "एवढा वेळ?" मी म्हटलं, "खैरुद्दीनभाईंनी बसवून घेतलं." त्याने मान काचेकडे वळवली. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही, मागच्याने हॉर्न मारला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

बरं नाही म्हणून ऑफिसला गेले नाही. घरी उशी बांधून भांडी घासली. ओट्यापाशी तिरकं उभं राहावं लागतं, ते विसरले नव्हते.

शैलेंद्र दुपारीच घरी आला. दारात उभा राहून पाहिलं. मी म्हटलं, सवय करतेय, राणीची चाल जमत नाही. तो "बरं" म्हणाला आणि मी घासलेलेच कप पुन्हा विसळायला लागला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

ठकुबाई दर तालमीला माझ्यासाठी काहीतरी आणतात. आज नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. समोर बसून खाऊ घातली. रात्री एका अंगावर निज म्हणाल्या, वझं उचलू नगंस म्हणाल्या. मनाली दर वेळी माझ्याकडे पाहते आणि मी दर वेळी मान हलवते. आपण एका भोळ्या बाईला फसवतोय, हे मला कळतं. पण एप्रिलनंतर माझ्याशी न चाचरता बोलणारं दुसरं माणूस भेटलेलं नाही. बाकीचे माझ्याशी बोलताना काचेचं सामान हलवल्यासारखे बोलतात.

भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी मला उभं केलं, लांबून न्याहाळलं. "पोट पसरलंय बग. पोरगी हाय."

काका हसले. "मावशी, तसं म्हणू नका, माझं अख्खं नाटक झोपेल! राजा पाहिजे मला!"

"तुमाला काय पायजे ते कोण इचारतंय? पोरगीच हाय."

शैलेंद्र पाणी पीत होता. त्याच्या हातातून ग्लास सुटला आणि काकांच्या गालिच्यावर पाणी सांडलं. तालीम थांबवून आम्ही सगळे टॉवेल आणून टिपत बसलो.

शनिवार, १ नोव्हेंबर

पाडवा. चकल्या बिघडल्या नाहीत. शैलेंद्रला ओवाळलं, त्याने पाकीट दिलं. घरी फोन केला. आई म्हणाली, आवाज छान वाटतोय तुझा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रंगीत तालीम, शाळेच्या हॉलमध्ये. राहवत नाहीये म्हणून लगेच लिहितेय.

मी सिंहासनाच्या पायरीवर बसले होते. ममता खेळता खेळता माझ्या झग्यात अडकली, झगा ओढला गेला आणि उशी एका बाजूने घसरून बाहेर आली. निळ्या फुलांचा अभ्रा. ममता टाळ्या पिटत ओरडली, "आजी, इट्स ओन्ली अ पिलो! आय टोल्ड यू! आय टोल्ड यू!"

मनालीने तिच्या पाठीत धपाटा घातला. ठकुबाई उठून आल्या. त्यांनी उशी हाताने चाचपली. मला वाटलं आता ओरडतील. त्या माझ्यासमोर पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग मूल कुठं हाय?"

कुणीही विचारलं नव्हतं हे. इतक्या महिन्यांत, एकानेही.

"नाही राहिलं, मावशी. एप्रिलमध्ये."

"पोरगं व्हतं का पोरगी?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"आईला ठावं न्हाई?" त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. काकांकडे, मनालीकडे, शिडीवरच्या केरूकडे. "मग कुणाला ठावं हाय?"

शैलेंद्र मोबेदाचा पांढरा अंगरखा घालून विंगेत उभा होता. त्याने कापसाची दाढी काढली, खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेला. काका म्हणाले, "टी ब्रेक, टी ब्रेक," आणि स्वतः मात्र जागचे हलले नाहीत.

ठकुबाईंनी उशी नीट बसवली आणि माझ्या पाठीमागे जाऊन कचकचून गाठ मारली. "नाटक हाय न्हवं? मग सुटंल असं बांधू नगंस." मग त्यांनी पिशवीतून नारळ, तांदूळ आणि खण काढला. आज माझी ओटी भरायची म्हणून घरून घेऊन आल्या होत्या. मला वाटलं आता परत ठेवतील. नाही ठेवलं. झग्यावरची ओढणी पसरायला लावली आणि ओटी भरली. "रिकामी जाऊ नगंस घरला. आन् नवऱ्याला इचार."

मला राग आला. पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. ठकुबाईंचा नव्हे. शैलेंद्रचा आला. त्याने बाळाला पाहिलंय, हातात घेतलंय, आणि ते सगळं एकट्याने स्वतःजवळ ठेवून घेतलंय. आणि माझाही आला, कारण मी ते त्याला ठेवू दिलं. विचारलं तर ते खरंच होऊन जाईल अशी मला भीती वाटते. कळलं नाही तोवर ते कुणीही असू शकतं, आणि कळलं की एकच कुणीतरी मेलेलं असतं.

घरी येताना तो म्हणाला, "वैभवी..." मी वाट पाहिली. मग तो म्हणाला, "नारळ मागे ठेव, मांडीवर जड होईल."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळ

काल प्रयोग झाला. शैलेंद्र आंघोळ करतोय, तेवढ्यात लिहिते.

हॉल भरला होता. राजा मेला, सरदारांची कापाकापी झाली, अंध राजपुत्राच्या प्रवेशाला एक लहान मूल भोकाड पसरून रडलं आणि लोक हसले. माझं पहिलं वाक्य झालं: "माझा नवरा गेलाय, मला रडू तरी द्या." दुसरं झालं: "पोटातल्या जिवाला राज्य कळत नाही." दोन्ही मी नेहमीसारखीच म्हटली, विमानाची वेळ सांगावी तशी.

मग मोबेद आला. गुडघ्यावर बसला. आणि काल पहिल्यांदा त्याने कान टेकला. उशीतूनही त्याच्या डोक्याचं वजन मला कळलं. तो तसाच राहिला. विंगेतून काका कुजबुजले, "मुलगा आहे... मुलगा आहे..." त्यांना वाटलं वाक्य विसरला. त्याच्या खोट्या दाढीतला कापूस माझ्या हाताला लागत होता आणि तो ओला झाला होता.

"मुलगी होती, वैभवी," तो म्हणाला. मला एकटीला ऐकू जाईल एवढंच.

मग उठला, दरबाराकडे वळला आणि म्हणाला, "मुलगा आहे! सिंहासनाला धनी मिळाला!" काकांना हवं होतं तसं, छातीतून. टाळ्या पडल्या.

साखळी खडखडली. मुकुट खाली यायला लागला. केरू शब्दाला जागला, पोटापासून बोटभर अंतरावर मुकुट थांबला. सगळे सरदार वाकले. आता माझं तिसरं वाक्य होतं: "आजपासून मी याची आई नाही, याची प्रजा आहे." काकांचं आवडतं वाक्य. मी मुकुट दोन्ही हातांनी धरून बाजूला सारला. तो झोके घेत राहिला.

"मी हिची आई आहे," मी म्हटलं.

पुढचं काही आठवत नाही. पडदा पडला एवढं आठवतं. काका आत धावत आले ते रागावून, पण माझं तोंड पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. ठकुबाईंनी उशीची गाठ सोडली. कालही त्यांनीच मारलेली, दुसऱ्या कुणाला सुटली नसती.

शैलेंद्र तयार होऊन आला. दारात उभा आहे, हातात दोन्ही बाटल्या. म्हणतोय, "येतेस?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

औद्योगिक क्षेत्र ओलांडून पुढे गेलो. गॅरेजं संपली, गोदामं संपली, मग नुसती वाळू. तिथे तारेचं कुंपण घातलेली एक दफनभूमी आहे. पत्ते खेळायला येतो असं मी समजत होते, हे त्याला सांगितलं. त्याला हसू आलं, मग ते राहिलं नाही.

टोकाच्या रांगेत एक लहानसा उंचवटा आणि त्याच्याशी सदाफुलीचं रोप, गुलाबी. या उन्हात ते जगलंय. मी उभी राहिले. पाय वाळूत रुतत होते.

"इथे येऊन काय करतोस?"

"काही नाही. पाणी घालतो. सप्टेंबरपासून डायलॉग म्हणत होतो. इथेच पाठ केले सगळे." त्याने रोपाच्या पानांवरची वाळू झटकली. "ते एकच तेवढं म्हणवत नव्हतं. तिच्यासमोर कसं म्हणणार, मुलगा आहे म्हणून?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारशील तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला नकोय ती."

मी खाली बसले. "केस होते?"

"खूप. काळे. कपाळावर आलेले."

"आणखी?"

"हनुवटी तुझी. हाताच्या मुठी घट्ट. एक बोट मी सोडवून पाहिलं, परत मिटलं नाही."

मी रडले. मोठ्याने रडले, आजूबाजूला कोण आहे ते न बघता. शैलेंद्र शेजारी वाळूत बसला आणि तोही रडला. बराच वेळ गेला. ऊन वर आलं तेव्हा त्याने एक बाटली उघडून रोपाच्या मुळाशी हळूहळू रिकामी केली. पाणी लगेच जिरलं. मग दुसरी उचलली.

"एवढ्याशा रोपाला दोन बाटल्या कशाला?" मी विचारलं.

"एक माझी, एक तुझी," तो म्हणाला. "पहिल्यापासून दोनच आणतो."

आज माझी मी ओतली.